दामूनानांचं बोट आणि माझा ड्युटी चार्ट

निवृत्त माणसाच्या वाट्याला दुपार फार मोठी येते. जेवण झालं की मी रोह्याच्या आमच्या ओटीवर आडवा होतो, डोळे अर्धे मिटतात, आणि थोड्याच वेळात माझा वॉर्ड पाण्यावरून होडी यावी तसा अलगद समोर येऊन थांबतो. वीस खाटा, वीस मच्छरदाण्यांच्या काठ्या, स्पिरिटचा वास. मागच्या खिडकीतून लांबवर पेणची मिठागरं दिसतात, उन्हात आरसे पसरून ठेवल्यासारखी. माझ्या हातात ड्युटी चार्ट असतो आणि त्यावरची नावं चौकटीत बसायला तयार नसतात. मासळीसारखी सुळकन इकडून तिकडे जातात. मी एकेकाला धरून जागेवर ठेवतो आणि जाग येते. बायको म्हणते, झोपेत बोटं कसली नाचवता? तिला काय सांगू? ती नावं जागेवर बसत नाहीत याला कारण आहे, आणि त्याला जबाबदार मीच आहे.

मी ब्रदर होतो. म्हणजे पुरुष नर्स. चौतीस वर्षं. आधी रोह्याला एका खासगी रुग्णालयात आणि मग पेणला दुसऱ्या. नावं सांगत नाही. एकानं मला शिकवलं, दुसऱ्यानं मला सोसलं, दोघांचेही उपकार आहेत. खाडीकडच्या म्हाताऱ्या बायांना पुरुषानं सुई टोचायची हे काही पटायचं नाही. सफेद कपडे म्हणजे सिस्टर, आणि मिशा म्हणजे भाऊ. मिठागरावर काम करणारी एक आजी मला सरळ ‘सिस्टरभाऊ’ म्हणायची. मलाही ते आवडायचं. एकाच माणसात दोन नाती.

रोह्याला मी लागलो तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. वापरायच्या, धुवायच्या, स्टरिलायझरमध्ये पाणी घालून वीस मिनिटं उकळायच्या आणि चिमट्यानं काढून पुन्हा वापरायच्या. हे काम सगळ्यात नव्या माणसाचं, म्हणजे माझं. त्या खोलीच्या खिडकीतून कुंडलिका नदी दिसायची. सकाळची कोवळी उन्हं पाण्यावर असायची, एखादी बाई काठावर धुणं आपटायची आणि तो आवाज थोडा उशिरा माझ्यापर्यंत यायचा. एकदा मी त्या उशिराचा विचार करत बसलो. हात आपटतो कधी, आवाज येतो कधी. मागे स्टरिलायझरमधलं पाणी आटलं, बारा सिरिंजा तडातड फुटल्या, तोही आवाज मला नदीवरूनच आला असं वाटलं. मेट्रन धावत आल्या आणि डोक्याला हात लावून म्हणाल्या, “आजकालची पोरं!” माझ्याहून तीन वर्षांनी मोठी असलेली सुलभा सिस्टर दारात उभी राहून पदरात हसत होती. मी मनाशी ठरवलं, कधीतरी मी मोठा होईन, पण हे वाक्य कुणाला म्हणणार नाही.

मोठा झालो. म्हणालो. आणि एकदा म्हणून थांबलो नाही, त्याचं शास्त्र केलं.

ते शास्त्र असं. पेणला मी सर्जिकल वॉर्डचा इन्चार्ज झालो, तेव्हा माझ्या हाताखाली अठ्ठावन्नला टेकलेल्या सिस्टर होत्या आणि बाविशीतल्या पोरीही होत्या. मी नर्सेसच्या तीन पिढ्या पाडल्या. पहिली पितळी. यांनी पितळेची भांडी आणि काचेच्या सिरिंजा उकळल्या, हातमोजे धुऊन पावडर लावून वाळत घातले. यांचे हात सोन्याचे, पण नवं यंत्र दिसलं की या देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्यासारख्या लांबूनच बघतात. दुसरी प्लास्टिक. वापरा आणि फेका. हे आम्ही, अधलेमधले. तिसरी पासवर्ड. या पोरी कॉम्प्युटर घेऊनच जन्माला आल्या, पण पेशंटच्या अंगाला हात लावायचा म्हणजे यांना धडकी. घड्याळात तीन वाजले की यांची पर्स खांद्याला. परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात मी हे भाषण केलं. लोक खूप हसले. पितळी सिस्टर पासवर्डकडे बघून हसल्या, पासवर्ड पितळीकडे बघून हसल्या, आणि मला वाटलं आपण सगळ्यांना जवळ आणलं.

भाषणापुरतं ठेवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण सात वर्षांपूर्वी रुग्णालयात नवी कॉम्प्युटर पद्धत आली. ताप, बीपी, ड्रेसिंग, जखमेचा रंग, सगळं मशिनवर चढवायचं. मी ताबडतोब माझ्या शास्त्रानुसार ड्युटी चार्ट लावला. ड्रेसिंग आणि शिरा शोधणं पितळीकडे, कॉम्प्युटर पासवर्डकडे. सकाळच्या पाळीत ड्रेसिंगला सुलभा सिस्टर. तीच रोह्याची, आता सत्तावन्न वर्षांची, माझ्यासारखीच रोह्याचं रुग्णालय सोडून पेणला आलेली. आणि कॉम्प्युटरला प्राजक्ता.

प्राजक्ता पेणच्या अलीकडच्या गडब गावची. भातशेतीवाल्याची मुलगी, वय तेवीस, नोकरीला चार महिने. तिची आणि माझी ओळख खरं म्हणजे एस.टी.तली. मी रोह्याहून सकाळची गाडी पकडायचो. खिडकीशी बसलं की नागोठण्यापर्यंत धुकं, ओले डोंगर, शेतातून निघालेली वाफ, आणि त्यात माझी मान कधी पडायची ते कळायचं नाही. गाडी पनवेलला जाणारी. दोनदा मी पेण झोपेत मागे टाकलं होतं आणि पनवेलच्या स्टँडवर उतरून घड्याळाकडे बघत उभा राहिलो होतो. प्राजक्ता गडबला चढायची, आणि पेण आलं की पुढच्या सीटवरून वळून हळूच म्हणायची, “ब्रदर, पेण आलं.” रोज. एकही दिवस चुकली नाही. आणि मी तिच्या हातून जागा होऊन, डोळे चोळत वॉर्डात जाऊन, नव्या पोरींना दुसऱ्याची फिकीर नसते या विषयावर बोलत असे.

तर अशात आषाढ संपता संपता दामूनाना आले.

दामूनाना हमरापूरचे. तिकडे घरोघरी गणपतीचे कारखाने, आणि दामूनाना साठीच्या पुढचे आखणीवाले. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे. अंग रंगवायला, दागिने रंगवायला पुष्कळ हात असतात, पण डोळे आखणारे मोजके. मूर्तीला डोळे आले की तिचा देव होतो, त्याआधी ती माती. दामूनानांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला मूर्तीच्या आतली तार लागली होती. साधी जखम, पण माणसाला साखर. त्यांनी चिंधी बांधून आठ दिवस काम रेटलं. आमच्याकडे आले तेव्हा बोट वांग्यासारखं फुगलं होतं आणि टोक काळवंडलं होतं. डॉक्टरसाहेबांनी चिरा देऊन पू काढला आणि सरळ सांगितलं. आठ दिवस बघू. काळेपणा टोकाशी थांबला तर ठीक. पहिल्या पेराच्या खाली उतरला तर बोट तिथून काढावं लागेल.

दामूनानांनी ते शांतपणे ऐकलं. मग मला जवळ बोलावून विचारलं, “ब्रदर, पेर गेलं तर ब्रश कुठं टेकवायचा?”

मी त्यांच्या पट्टीकडे बघितलं. ते म्हणाले, करंगळी मूर्तीच्या गालावर ठेवायची असते, ब्रशला खालून मधल्या बोटाचा आधार, पण फिरवायचा तो या पहिल्या बोटाच्या टोकानं. वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मधे श्वास घेतला तर देव दचकल्यासारखा दिसतो. कारखान्यात तीनशे मूर्ती डोळ्यांविना उभ्या होत्या. हे ते मिटल्या डोळ्यांनी सांगत होते आणि पट्टीतलं बोट हवेत किंचित वळत होतं.

मी मनात म्हटलं, या बोटाला पितळी हातच हवा. सुलभा सिस्टरचं नाव चार्टवर लाल पेनानं गोल केलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं ड्रेसिंग म्हणजे पट्टी बांधणं. बांधणं सगळ्यात सोपं. खरं काम सोडण्याचं. जुनं गॉझ, म्हणजे जाळीदार कापड, जखमेला चिकटलेलं असतं, ते ओढायचं नाही, त्यावर सलाईन ओतून ते आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. मग मेलेलं तेवढं चिमट्यानं उचलायचं आणि जिवंत असेल त्याला धक्का लावायचा नाही. दोन्हींमधली रेघ केसाएवढी असते. मग नखाजवळ दाबून बघायचं. दाबलं की पांढरं होतं, सोडलं की गुलाबी परत यायला हवं. येईपर्यंत बघत राहायचं. शेवटी पट्टी सैल, बोटाला रक्त जायला वाट ठेवून.

पाच-सहा दिवस बोट सुंदर चाललं होतं. काळेपणा टोकाशीच. पट्टी तर इतकी नेटकी की मी दोनदा इतरांना बोलावून दाखवली. म्हटलं, बघा, हा चाळीस वर्षांचा हात, हे कॉलेजात शिकवून येत नाही. कॉम्प्युटरवरच्या नोंदीही तितक्याच देखण्या. तिथं शेऱ्याच्या चौकटीत मराठी चालायचं. मी एक शेरा स्टाफच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचला. “टोक काळसर, पेराखाली गुलाबी. नख दाबलं, रंग लगेच परत आला. आजोबांनी आज डाळ पातळ असल्याची तक्रार केली, म्हणजे तब्येत सुधारते आहे.” मी म्हटलं, नव्या पिढीकडे हातात कला नसेल, पण ही नजर बघा. किती झटपट आणि किती नेमकं. सुलभा सिस्टर खाली बघत होती. प्राजक्ता खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं दोघी लाजल्या.

सातव्या दिवशी दुपारी मी स्टोअरमधून लवकर परतलो. वॉर्ड त्या वेळी पेंगुळलेला असतो. पडदे हलताहेत, कुणी घोरतंय, पाऊस थांबून पागोळ्या गळताहेत. अशा वेळी मी नेहमी अर्धा स्वप्नात असतो, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं मी झोपेत आहे. दामूनानांच्या खाटेजवळ प्राजक्ता बसली होती, हातात चिमटा. आणि कॉम्प्युटरसमोर सुलभा सिस्टर होती, चष्मा नाकावर, दहाही बोटं कीबोर्डवर पावसासारखी पडत होती.

जे दिसलं त्यावर विश्वास ठेवायचं सोडून मी माझ्या शास्त्रावर ठेवला. पोरीला कॉम्प्युटरचा कंटाळा आला, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या बोटावर हात साफ करून बघते आहे. आणि बिचारी सुलभा सिस्टर त्या मशिनमधून काहीतरी पुसून टाकते आहे. मी सगळ्यांसमोर प्राजक्ताला उठवलं. काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्यात “आजकालची पोरं” दोनदा होतं. दामूनाना काही सांगू पाहत होते, त्यांना म्हटलं, नाना, तुम्ही पडून राहा. सुलभा सिस्टर उठून आली, तिला म्हटलं, तुम्ही कितीही पोटात घातलंत तरी मला दिसतंय.

मग बाह्या सरसावून मी स्वतः बसलो. चार वर्षांत मी ड्रेसिंग केलं नव्हतं, इन्चार्जला कुठला वेळ. पण हात बसलेला. रोह्याला मी पट्टी बांधायचो ती भाताच्या लोंबीसारखी, वेढ्यावर वेढा तिरका बसवत. तशी बांधली. तीन खाटांवरचे पेशंट उठून बघायला लागले, म्हणून आणखी दोन वेढे घातले. प्राजक्ता भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, “ब्रदर, जरा घट्ट वाटतंय.”

मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून बांधतोय.

पाळी संपताना आम्ही पुढच्या सिस्टरला ओव्हर देतो. म्हणजे खाटेखाटेपाशी जाऊन कुणाचं काय ते तोंडी सोपवायचं. दामूनानांच्या खाटेपाशी मी सांगितलं, हे मी स्वतः केलंय, उद्या सकाळपर्यंत कुणी उघडायचं नाही. इन्चार्जनं स्वतः केलंय म्हटल्यावर कोण हात लावतंय? तीन वाजून गेले तरी प्राजक्ता दाराशी घुटमळत होती, पर्स खांद्याला न लावता हातात धरून. मी तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत पेण आलं तेव्हा ती वळली नाही. मी जागाच होतो. तिची वेणी बघत बसलो होतो.

वॉर्डात पोचलो तर सुलभा सिस्टर आमच्या आधी आलेली. ती दामूनानांच्या खाटेशी वाकली होती आणि कात्री पट्टीत घालू बघत होती, पण कात्री मिटत नव्हती. तिनं दोन्ही हातांनी धरली, तरी नाही. उजवा अंगठा मुळाशी सुजलेला, वाकडा. चाळीस वर्षं त्या अंगठ्यानं इंजेक्शनच्या काचेच्या अँप्युल मोडल्या होत्या. मी तिला रोज बघत होतो आणि तो अंगठा मला आत्ता दिसत होता. प्राजक्ता पुढे झाली, तिच्या हातातून कात्री घेतली आणि माझी लोंबी कापली.

बोट निळसर होतं. काळेपणा पेराच्या रेघेला टेकला होता. प्राजक्तानं नखाजवळ दाबलं. पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. खिडकीत मिठागरांवर ढगाची सावली सरकत होती, तीही मला थांबल्यासारखी वाटली. मग अगदी हळू, येऊ की नको करत, थोडा गुलाबी रंग आला.

दामूनानांनी रात्रभर ठणका सोसला होता. कुणाला का नाही सांगितलं म्हटल्यावर म्हणाले, “ब्रदरनी बांधलंय म्हटल्यावर दुखायचंच, आसं वाटलं.”

सुलभा सिस्टर कॉम्प्युटरकडे गेली नाही, माझ्यापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, “सात दिवस हे बोट तिनं सांभाळलंय. मी नुसती टाइप करते.”

मग सगळं कळलं. सुलभा सिस्टरला अंगठ्यामुळे चिमटा धरवत नव्हता. पण हे कळलं असतं तर तिची रवानगी चादरींच्या स्टोअरमध्ये झाली असती. तिच्या आधीच्या दोघी तशाच गेल्या होत्या, शेवटचं वर्ष चादरी मोजत. तिला पेशंटमध्ये राहायचं होतं. नर्सिंगला जागा मिळेपर्यंत रोह्याच्या टायपिंग क्लासला ती वर्षभर गेली होती, परीक्षाही पास झालेली, आणि टायपिंगला अंगठा लागतो तो फक्त जागा सोडायला. प्राजक्ताचं उलटं. मोबाइलवर तिचे अंगठे कसेही चालत, पण कॉम्प्युटरचा कीबोर्ड तिच्या घरी कधी नव्हता, शाळा मराठी, आणि त्या इंग्रजी पडद्यासमोर तिला घाम फुटायचा. हे ती मला सांगणार कशी? ती कॉम्प्युटर घेऊनच जन्मली होती असं मीच माईकवरून जाहीर केलं होतं. तिची आई हमरापूरची. दर मेच्या सुट्टीत ती मामाच्या कारखान्यात बसून मूर्तींच्या पायांची नखं रंगवायची. हात कसा स्थिर ठेवायचा हे तिला आमच्या कुणाही आधीपासून येत होतं. दोघींनी पहिल्याच दिवशी कामं बदलून घेतली होती.

मी दामूनानांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

“अख्ख्या वॉर्डाला ठाव हाय,” ते म्हणाले. “तुमालाच नाय. आमच्याकडं पन लोकं म्हनतात, म्हाताऱ्यानं डोळं आखायचं, पोरांनी बूड रंगवायचं. हात कुणाचा कसा, ते कोन बघतंय?” आणि मग प्राजक्ताकडे बघून, “गो पोरी, तू बांध आता. सैल.”

दहा वाजता डॉक्टरसाहेब राउंडला आले. बोट बघितलं, कपाळाला आठ्या. आवळलं कुणी हे? त्यांनी मान वर केली आणि नजर फिरवली ती माझ्यावरून, सुलभा सिस्टरवरून सरळ पुढे गेली आणि सगळ्यात लहान चेहऱ्यावर थांबली. “नव्या मुलींना पट्टीसुद्धा बांधता येत नाही?”

आता मी बोलायचं होतं. वर पंखा फिरत होता. मी त्याची पाती मोजली. फिरताना मोजता येत नाहीत, तरी मोजत राहिलो. आणि त्या वेळात प्राजक्ता म्हणाली, “सॉरी सर.”

डॉक्टरसाहेब पुढच्या खाटेकडे गेले. सुलभा सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. मेट्रन ओरडत असताना दारात उभ्या असलेल्या मुलीनं बारा सिरिंजा फोडणाऱ्या पोराकडे बघावं, तसं बघितलं. फक्त हसली नाही.

मी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेलो. डॉक्टरसाहेब मास्क बांधत होते. म्हटलं, सर, ते मी बांधलं होतं. ती मुलगी घट्ट आहे म्हणाली होती, मी ऐकलं नाही. “मग आता तुमचं बोट कापू?” असं म्हणाले आणि आत गेले. दार मिटता मिटता पुन्हा उघडून सांगितलं, दोन दिवस थांबतो, त्याहून नाही. त्या मुलीलाच करू द्या.

चौतीस वर्षांतले ते दोन दिवस मला अजून पाण्याखाली घालवल्यासारखे आठवतात. सगळं हळू, आवाज लांबून. मी वॉर्डासमोर प्राजक्ताची माफी मागितली. वाक्यं घरून तयार करून आणली होती, त्यातली निम्मी विसरलो. ती म्हणाली, राहू दे ब्रदर, आणि सलाईनची बाटली घेऊन खाटेकडे गेली. सकाळ-दुपार ती पट्टी सोडायची, मेलेलं तेवढं उचलायची, बोट दाबून बघायची. मी कॉम्प्युटरवर बसलो. सुलभा सिस्टर शेजारी उभी राहून सांगायची, मी एका बोटानं अक्षरं शोधायचो. अंगठ्याजवळच्याच. एक ‘ळ’ सापडेपर्यंत ती म्हणायची, काही घाई नाही. त्या एका बोटाच्या टोकाला किती काय काय कळतं, ते मला चोपन्नाव्या वर्षी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काळेपणा मागे हटला नव्हता, पण पुढेही गेला नव्हता. डॉक्टरसाहेब बराच वेळ बघत बसले. पेर ठेवलं. वरचं टोक मात्र गेलं, नख गेलं, तांदळाच्या चार दाण्यांएवढं मांस गेलं. त्यातलं तारेनं किती नेलं आणि माझ्या लोंबीनं किती, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दामूनाना घरी गेले तेव्हा बोट कोवळं, गुलाबी, आखूड दिसत होतं. ब्रश धरेल का, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ड्युटी चार्ट मी बदलला. प्रत्येकीला विचारलं, काय येतं, काय जमत नाही, आणि काय दुखतं. पहिले दोन आठवडे कुणी काही सांगितलं नाही. सुलभा सिस्टर शेवटचं वर्ष वॉर्डातच राहिली, कॉम्प्युटरवर. त्यावर बाकीच्या पितळी म्हणायला लागल्या, म्हातारी बसून राहते. प्राजक्ताबद्दल पासवर्ड म्हणायला लागल्या, ही पेशंटमध्ये फार गुंतते. मी उभारलेल्या भिंती मी पाडू शकलो नाही. इतकंच झालं की मी भाषण करायचं बंद केलं, याचा पुष्कळांना आनंद झाला असावा.

श्रावणात एका रविवारी प्राजक्ता म्हणाली, मी आजोळी चालले आहे, दामूनानांचं बोट बघून येते. मी म्हटलं, मीही येतो. तिनं नको म्हटलं नाही.

दामूनानांचा हमरापूरचा कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. आत ओल्या रंगाचा वास, आणि अंधुक उजेडात रांगेनं गणपती. सोंडा, मुकुट, पितांबर, सगळं झालेलं, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके. आंधळे नव्हते, झोपलेलेही नव्हते, अजून यायचे होते असे. दामूनाना खाली पाटावर बसले होते. आम्हाला बघून मान हलवली. घरातली माणसं भिंतीशी गोळा झाली. सूनबाईनं हळूच सांगितलं, अजून एकही आखला नाही, रोज बसतात आणि उठतात.

प्राजक्ता त्यांच्याशेजारी बसली. बोट हातात घेतलं, टोकाला दाबलं, सोडलं, रंग येईपर्यंत थांबली. मग ब्रश उचलून त्यांच्या हातात दिला आणि आखूड बोटाऐवजी मधलं बोट थोडं पुढे सरकवलं, जेमतेम जोंधळ्याएवढं.

दामूनानांनी करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली. श्वास धरला. शेडमध्ये सगळ्यांनीच धरला. ब्रश टेकला, निघाला, पापणीची रेघ कडेपर्यंत गेली आणि किंचित वर वळून थांबली. एक. मग दुसरी. थोडी जाड आली. त्यांनी मान तिरकी करून बघितलं, पहिलीवर तेवढाच जाड हात फिरवला, दोन्ही बुबुळं ठेवली आणि मूर्ती बाजूला केली.

“पुढची आना,” म्हणाले.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन पुढची मूर्ती उचलायला वाकलो.

“ब्रदर,” दामूनाना वर न बघता म्हणाले, “तुमी लांबच बसा.”

सगळे हसले, प्राजक्ताही. मी दाराशी जाऊन उंबऱ्यावर बसलो. बाहेर भाताच्या पाण्यावर ऊन पडलं होतं, माझी मान खाली जात होती, आणि आत एकेक गणपती डोळे उघडत होता. रांग अशी लावलेली की ज्याचे उघडले, तो पहिल्यांदा माझ्याकडेच बघायचा.